मरिंबा आणि झायलोफोन : साम्य, फरक आणि ओळख

मरिंबा आणि झायलोफोन ही लाकडी पट्ट्यांची, काठ्यांनी वाजवायची दोन घनवाद्ये आहेत. दोन्हींत पट्ट्या पेटीच्या पांढऱ्या-काळ्या स्वरांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या असतात आणि पट्ट्यांखाली धातूच्या नळ्या लटकत असतात. शाळेच्या संमेलनात किंवा वाद्यवृंदात दुरून पाहिले तर दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. मोठे ते मरिंबा आणि लहान ते झायलोफोन, असे उत्तर बहुतेक वेळा मिळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खरा फरक पट्टीच्या पोटात, म्हणजे खालच्या बाजूला कोरलेल्या कमानीत आहे. आवाजाचा पोत, काठ्यांची निवड, वाजवण्याची पद्धत, इतकेच काय पण कोणत्या प्रकारचे संगीत त्या वाद्यासाठी लिहिले गेले, हे सारे बरेचसे त्या कमानीवरून ठरते.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता शाळेत किंवा शिकवणीत पाश्चात्त्य तालवाद्ये शिकतात आणि घरात वाद्य घेण्याचा प्रश्न येतो. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही वाद्यांची माहिती एकत्र देत आहोत. आपल्या वाचकांना सरगम ओळखीची आहे, तेव्हा समजावताना तिचाच आधार घेतला आहे.

घनवाद्यांच्या कुळात

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग आहेत. तार, हवा किंवा चामडे यांच्या साहाय्याशिवाय ज्याचा देहच वाजतो ते घनवाद्य. टाळ, झांज, घंटा, जलतरंग ही आपली नेहमीची उदाहरणे. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगभरच्या वाद्यांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि जे आजही संग्रहालयांत वापरले जाते, त्यातही असाच एक वर्ग आहे. त्या वर्गीकरणात लाकडी पट्ट्यांच्या सर्वच वाद्यांना झायलोफोन हे एकच नाव आहे. त्या शास्त्रीय अर्थाने मरिंबा हा झायलोफोनचाच एक प्रकार ठरतो. मात्र वादक, वाद्य बनवणारे आणि संगीतकार ही दोन नावे दोन वेगळ्या वाद्यांसाठी वापरतात. पुस्तकांत दिसणाऱ्या गोंधळाचे मूळ बरेचसे या दुहेरी वापरात आहे.

नावे काय सांगतात

झायलोफोन हे नाव ग्रीक शब्दांपासून घडवले आहे: झायलॉन म्हणजे लाकूड आणि फोने म्हणजे आवाज. हे युरोपात तयार केलेले नाव. मरिंबा हा शब्द मात्र आफ्रिकेच्या बांटू भाषांतून आला आहे. त्या भाषांत शब्दाच्या सुरुवातीचे 'म' हे अनेकवचनाचे चिन्ह असते. रिंबा म्हणजे एक पट्टी, मरिंबा म्हणजे अनेक पट्ट्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. एक नाव विद्वानांनी दिलेले आणि दुसरे वादकांच्या तोंडचे, हा फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मरिंब्याचा प्रवास

आफ्रिकेच्या मोठ्या भागात लाकडी पट्ट्यांची वाद्ये शतकानुशतके वाजत आली आहेत. पश्चिमेकडे त्यांना बालाफोन म्हणतात, तर मोझांबिकमधील चोपी लोकांत टिंबिला. टिंबिलाच्या प्रत्येक पट्टीखाली वेगवेगळ्या आकाराचा भोपळा बांधलेला असतो. तंबोऱ्याचा भोपळा आपण मिरजेत पाहतो. काम तेच, आवाजाला घुमारा देण्याचे. इथे मात्र पट्टी तितके भोपळे असतात. भोपळ्याला लहानसे भोक पाडून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात, त्यामुळे स्वराला किंचित झणझण येते. तंबोऱ्याच्या जवारीची गोडी कळणाऱ्या कानांना ही झणझण परकी वाटणार नाही. चोपी टिंबिलाचा समावेश २००८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

मोझांबिक १७५२ पर्यंत पोर्तुगिजांच्या गोव्यातील राजवटीखाली होते. त्यामुळे या वाद्याची जुनी लेखी नोंद ज्या जगातून आली, ते जग गोव्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहिलेल्या जुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाचा ग्रंथ १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला. भोपळे बांधलेल्या, पट्ट्यांच्या अशा वाद्याचे वर्णन त्यात आहे.

अटलांटिक ओलांडून हे वाद्य मध्य अमेरिकेत गेले ते गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर. हातात काही नेण्याची मुभा त्यांना नव्हती, पण वाद्य कसे बांधायचे हे त्यांच्या स्मरणात होते. ग्वातेमाला आणि मेक्सिकोच्या चियापास प्रांतात तेथील मूळ रहिवाशांनी ते उचलले, आपल्या जत्रांत आणि लग्नांत आणले. पुढे भोपळ्यांच्या जागी लाकडी पेट्या आल्या. झणझणीसाठी डुकराच्या आतड्याचा पापुद्रा मेणाने बसवू लागले. १८९० च्या दशकात पेटीसारखी कोमल-तीव्र स्वरांची दुसरी ओळ जोडली गेली. याचा मान ग्वातेमाला आणि चियापास दोघेही स्वतःकडे घेतात. एकाच मोठ्या मरिंब्यावर चौघे वादक खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे दृश्य तिथे आजही नेहमीचे आहे. १९७८ मध्ये ग्वातेमालाने मरिंब्याला राष्ट्रीय वाद्य म्हणून मान्यता दिली.

हे वाद्य मुळात माया लोकांचेच, असा दावा ग्वातेमालात काही अभ्यासकांनी केला होता. बहुतेक संशोधक आज आफ्रिकी उगम मानतात आणि शब्दाची बांटू घडण हा त्याचा मोठा पुरावा आहे. ज्यांची नावेही इतिहासाने राखली नाहीत, त्यांच्या वाद्याचे नाव मात्र टिकले. म्हणूनच मरिंब्याला 'मोठा झायलोफोन' म्हणून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यात केवळ तांत्रिक चूक होत नाही, ही साक्षही पुसली जाते. बाहेरून आलेले वाद्य एखाद्या समाजाच्या काळजाचे कसे होते, हे आपल्याला पेटीवरून ठाऊक आहे. युरोपातून आलेल्या पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना आज करवत नाही. ग्वातेमालात मरिंब्याचे तेच झाले. फक्त त्यामागचा प्रवास फार वेदनेचा होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वातेमालातील हुर्तादो बंधूंनी अमेरिकेत कार्यक्रम केले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांचे वादन गाजले. शिकागोच्या डीगनसारख्या कारखान्यांनी धातूच्या नळ्या लावून मरिंब्याला नवे रूप दिले. झणझणीचा पापुद्रा गेला आणि स्वर स्वच्छ, गोल झाला. क्लेअर ओमार मसर यांनी १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात १०० मरिंबावादकांचा वृंद उभा केला. १९४० मध्ये पॉल क्रेस्टन यांची मरिंबा आणि वाद्यवृंदासाठीची रचना सादर झाली आणि वाद्याला मैफलीत स्वतंत्र स्थान मिळू लागले. पुढचा मोठा टप्पा जपानचा. केइको आबे या वादक-संगीतकार बाईंनी यामाहा कंपनीबरोबर काम करून मरिंब्याची मर्यादा खाली वाढवत नेली आणि १९८० च्या दशकात पाच सप्तकांचा मरिंबा आकाराला आला. आज मैफलीत वाजतो तो बहुधा हाच.

झायलोफोनचा प्रवास

युरोपात लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा उल्लेख १५११ पासून सापडतो. तिथे पट्ट्या गवताच्या पेंढ्यांवर ठेवत, नळ्या नसत. जत्रेत फिरणाऱ्या वादकांचे हे साधे वाद्य. त्याला प्रतिष्ठा दिली ती आजच्या बेलारूसमधील श्क्लोव्ह गावच्या गुझिकोव्ह या यहुदी वादकाने. १८३० च्या दशकात त्याने युरोपची मोठी शहरे गाजवली आणि मेंडेल्सोनसारख्या संगीतकाराने त्याची वाखाणणी केली. १८३७ मध्ये, ऐन तारुण्यात, त्याचे निधन झाले.

१८७४ मध्ये सेंट-साँ यांनी 'दाँस माकाब्र' या रचनेत नाचणाऱ्या सांगाड्यांची हाडे वाजवण्यासाठी झायलोफोन वापरला. तेव्हापासून वाद्यवृंदात त्याची भूमिका ठरून गेली: टोकदार, कोरडा, सगळ्या गलबल्यातून वर येणारा आवाज. खाचातुर्यान यांचे तलवारींचे नृत्य आणि गर्श्विन यांच्या 'पोर्गी अँड बेस'ची सुरुवात ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. अमेरिकेत १९१० ते १९३० च्या दरम्यान रॅगटाइम संगीतात तो अत्यंत लोकप्रिय होता. त्या काळातील जॉर्ज हॅमिल्टन ग्रीन यांचे धडे विद्यार्थी आजही घटवतात.

पट्टीच्या पोटातला फरक

आता मूळ मुद्दा. सरळ, एकसारख्या जाडीची लाकडी पट्टी वाजवली तर तिच्या मूळ स्वराबरोबर वरचेही स्वर उमटतात. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत असतात. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. पट्टीचे तसे नसते. तिचा पहिला उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या सुमारे २.७६ पट असतो. पट्टीला षड्ज मानले, तर हा उपस्वर तार सप्तकात शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अगदी अधेमधे पडतो. तो कोणत्याच स्वराशी जुळत नाही, म्हणून कोरी पट्टी ठोकल्यासारखी वाजते.

वाद्य बनवणारा पट्टीच्या पोटातून मध्यभागी लाकूड काढत जातो. मध्यावर लाकूड काढले की स्वर उतरतो, टोकांकडे काढले की चढतो. कुठून किती काढले यावर मूळ स्वर आणि उपस्वर यांचे नाते बदलते. इथेच दोन्ही वाद्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

मरिंब्यात कमान खोल असते आणि पट्टीचा मधला भाग पातळ होतो. पहिला उपस्वर मूळ स्वराच्या चौपट जुळवतात, म्हणजे बरोबर दोन सप्तके वरचा षड्ज. उत्तम वाद्यांत खालच्या पट्ट्यांचा पुढचा उपस्वरही सुमारे दहापट, म्हणजे तीन सप्तके वरच्या गंधाराशी जुळवलेला असतो. षड्जात षड्ज मिसळतो, म्हणून स्वर गोल, ऊबदार आणि स्थिर लागतो.

झायलोफोनमध्ये कमान उथळ आणि पट्टी जाड असते. बहुतेक आधुनिक वाद्यांत पहिला उपस्वर मूळ स्वराच्या तिप्पट जुळवतात, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. प्रत्येक षड्जाच्या डोक्यावर एक पंचम चमकत राहतो. स्वराला धार येते आणि तो दूरवर पोचतो. काही युरोपीय कारागीर झायलोफोनही षड्जावर जुळवतात, पण पंचमाची पद्धत अधिक रूढ आहे.

नळ्यांचे काम

पट्टीखालची नळी तळाशी बंद असते. तिची लांबी त्या स्वराच्या ध्वनिलहरीच्या एक चतुर्थांश ठेवतात. अशी नळी मूळ स्वर आणि त्याच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींच्या स्वरांनाच उचलून धरते. झायलोफोनचा पंचम तिप्पट असल्याने त्याला नळीचे बळ मिळते. मरिंब्याचा वरचा षड्ज चौपट असल्याने त्याला ते मिळत नाही आणि मूळ स्वरच पुढे येतो. कमान आणि नळी एकमेकींना अशी साथ देतात.

झायलोफोनची सर्वात लांब नळी साधारण २५ सेंटिमीटरची असते. पाच सप्तकांच्या मरिंब्याच्या सर्वात खालच्या स्वराला सव्वा मीटरहून लांब नळी लागते. वाद्याची उंची तितकी नसल्याने ती नळी वळवावी तरी लागते किंवा रुंद पेटीसारखी करावी लागते. मरिंब्याच्या पुढच्या बाजूला उंच स्वरांकडेही लांब नळ्या दिसतात त्या शोभेसाठी. त्यांच्या आत योग्य उंचीवर बूच बसवलेले असते.

स्वरमर्यादा

पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा विचार करू. त्याच्या मंद्र सप्तकाचा षड्ज म्हणजे पाच सप्तकांच्या मरिंब्याची पहिली पट्टी. तिथून वर ६१ पट्ट्या. साडेतीन सप्तकांचा झायलोफोन सुरू होतो तो त्याच गायकाच्या तार सप्तकातील मध्यमापासून. त्याच्या ४४ पट्ट्या पियानोच्या शेवटच्या स्वरापर्यंत चढतात. म्हणजे झायलोफोनची सुरुवात बहुतेक गायकांच्या आवाक्याच्या टोकाशी होते. झायलोफोनचे स्वर लिहिताना सोयीसाठी एक सप्तक खाली लिहितात. मरिंब्याचे जसे वाजतात तसेच लिहितात.

काठ्या आणि वादन

वाजवायच्या काठ्यांना मॅलेट म्हणतात. झायलोफोनला कडक प्लास्टिक, लाकूड किंवा टणक रबराच्या डोक्याच्या काठ्या चालतात. मरिंब्याला रबरावर सूत किंवा लोकर गुंडाळलेल्या मऊ काठ्या लागतात, खालच्या स्वरांना अधिक मऊ. हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. झायलोफोनच्या कडक काठ्यांनी मरिंबा वाजवला, तर पातळ केलेल्या पट्टीला खड्डे पडतात, स्वर बिघडतो आणि पट्टी चिरूही शकते. तालमीच्या जागी दोन्ही वाद्ये असतील तर मुलांना ही एक गोष्ट आधी सांगावी.

दोन्ही वाद्यांचा स्वर लवकर विरतो, झायलोफोनचा तर क्षणात. लांब स्वर हवा असेल तर संतूरवादक करतात तसे दोन्ही काठ्यांनी जलद आघात करत राहावे लागते. झायलोफोन बहुधा दोन काठ्यांनी, वेगाने वाजवतात. मरिंब्यावर प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या धरून एकाच वेळी अनेक स्वर वाजवणे हे आज नेहमीचे झाले आहे.

पट्टीवर आघात कुठे करायचा यालाही महत्त्व आहे. पट्ट्यांमधून दोरी जाते ती प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर, कारण तिथे कंपन जवळजवळ शून्य असते. त्या जागी मारले तर आवाज दबका येतो. मध्यावर किंवा अगदी कडेला मारावे.

लाकूड

उत्तम पट्ट्यांसाठी बेलीझ-ग्वातेमाला भागातील होंडुरास रोझवूड नावाजलेले आहे. हे झाड आपल्या शिसवीच्याच प्रजातीतले. स्वस्त वाद्यांत आफ्रिकेतील पदौक वापरतात, ते आपल्या बिबळ्याचे आणि रक्तचंदनाचे भावंड. शिसवीच्या प्रजातीतील लाकडाची बेसुमार तोड झाल्याने २०१७ पासून या साऱ्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण लाकूड काही वाढले नाही. चांगली जुनी पट्टी फुटली तर तशीच दुसरी मिळणे अवघड होत चालले आहे. कृत्रिम पट्ट्या टिकाऊ असतात आणि उघड्यावरच्या बँडला सोयीच्या असतात, पण मरिंब्याच्या खालच्या स्वरांत लाकडाचा पोत त्यांना येत नाही.

आपल्याकडचे काष्ठतरंग

लाकडी पट्ट्या चढत्या क्रमाने चौकटीवर मांडून दोन काठ्यांनी वाजवायचे काष्ठतरंग हे आपल्याकडचे या कुळातले वाद्य. जलतरंगात पाण्याने स्वर लावतात, इथे लाकूड घासून. बंदुकीच्या नळ्यांपासून मैहरच्या वाद्यवृंदासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी घडवलेले नलतरंग हे त्याचे धातूतले भावंड. मींड काढता येत नसल्याने काष्ठतरंग रागसंगीतात मागे राहिले आणि वाद्यवृंदात त्याचे स्थान राहिले. कुणाच्या माळ्यावर ते पडून असेल तर भंगारात देऊ नका. पट्ट्यांचा क्रम बदलू नका आणि दोरी बदलून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेही वाद्य बोलू लागते.

घरात वाद्य घेताना

• इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात 'एक्स'समोर दिसणारे रंगीत पट्ट्यांचे खेळणे बहुधा धातूचे असते. ते झायलोफोन नव्हे. धातूच्या पट्ट्यांच्या लहान वाद्याला ग्लॉकेनश्पील म्हणतात. मोठे, पायपट्टीचे आणि पंखे फिरणारे ते व्हायब्राफोन.

• लहान मुलांसाठी कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीतील, पेटीवर बसवलेल्या सुट्या पट्ट्यांचा लाकडी झायलोफोन उत्तम. नको असलेले स्वर काढून ठेवता येतात, त्यामुळे भूपासारखा पाच स्वरांचा राग मांडून देता येतो.

• परीक्षेसाठी शिकणाऱ्याला सुरुवातीला साडेतीन सप्तकांचा झायलोफोन पुरतो. पाच सप्तकांचा मरिंबा आठ-नऊ फूट लांब असतो. आधी दाराचे आणि जिन्याचे माप घ्यावे.

• पट्टी उलटी करून पाहावी. खाली कमान कोरलेली नसेल तर त्या पट्टीचे उपस्वर जुळवलेले नाहीत.

• पावसाळ्यात लाकूड ओल धरते. वाद्य झाकून, भिंतीपासून दूर ठेवावे आणि पट्ट्यांना तेल लावू नये.

कानाने ओळखायचे तर

एकच स्वर मध्यम जोराने वाजवून ऐका. स्वर हाडासारखा कोरडा, चटकन संपणारा आणि त्यावर बारीक पंचम चमकत असेल, तर झायलोफोन. स्वर गोल, खाली घुमणारा आणि आत दुसरा स्वर भांडत नसेल, तर मरिंबा. आयफोनच्या सुरुवातीच्या काळातली सर्वांच्या कानात बसलेली रिंगटोन आठवा. तिचे नावच मरिंबा होते. सांगाड्यांचे नृत्य ऐकले की झायलोफोन ध्यानात राहतो. दोन्ही एकामागून एक ऐकवले, तर मुले एका बैठकीत फरक ओळखू लागतात. ऐकवताना त्या नावामागची माणसेही सांगावीत, एवढीच आमची विनंती.